त्राटिका फरारी आहे

मी बोलतेय, पोलीस कचेरीच्या लोखंडी कपाटातली गुलाबी फाईल. पाठीवर लाल शाईचा 'गोपनीय' शिक्का आहे. तेरा वर्षं गप्प बसले. आता डोकं फिरलंय.

माझा जन्म १९९३ सालचा. त्या वर्षी आमच्या डोंगरातल्या पाड्यांवर पोरं दगावत होती. पोशेऱ्याचा देवजी चार आयाबायांना घेऊन तहसील कचेरीत गेला. "औषध का नाय आलं?" असं विचारू लागला. पोरं का मेली याची फाईल कुणी उघडली नाही. विचारणाऱ्याची उघडली. ती मी!

देवजीवर नजर ठेवायला वरून एक माणूस आला. घाटावरचा, इथलं काही ठाऊक नसलेला. देवजीच्या घरातून त्यानं एक कागद उचलला. 'लहान्या – रावण, देवजी – भीम, लाडक्या – त्राटिका.' अहो, ती बोहाड्याची यादी! देवीच्या उत्सवात कोणत्या घरानं कोणता मुखवटा घालून नाचायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. या शहाण्यानं लिहिलं, 'टोळीतील टोपणनावे. मुखवटे बाळगतात. त्राटिका नावाची बाई फरारी.' आणि मला कुलूप.

दुसऱ्याच्या घरात डोकावणं हाच माझा जन्म, त्यामुळे देवजीच्या जयश्रीचं सगळं मला कळायचं. पोर डी.एड. झाली, शिक्षिकांच्या यादीत नाव लागलं. पोलीस पडताळणीचा कागद मात्र माझ्यापाशी येऊन अडला. 'वडील संशयित.' नेमणूक दोन वर्षं लटकली.

२००६ साली तिनं माहितीच्या अधिकारात अर्ज दिला. इथला कारकून उमेश जवळच्याच मोखाड्याचा. मला उघडून तो हसू दाबत म्हणाला, "साहेब, यातला लाडक्या माझा मामा. दर साली त्राटिकेचं सोंग घेतो."

"शिक्का काय म्हणतो?"

"गोपनीय."

"मग मामालाही सांगू नकोस. लिही, देशाच्या सुरक्षेसाठी माहिती देता येत नाही."

उमेशनं मुकाट लिहिलं. साहेबापेक्षा त्याचाच मला जास्त संताप आला.

जयश्रीनं उत्तर उमेशच्या टेबलापाशी उभ्याउभ्याच वाचलं. "माझ्या बाबाबद्दल काय लिवलंय, ते मलाच नाय सांगायचं?"

"ताई, देशाची सुरक्षा आहे."

"मग बाबा काय देशाबाहेरचा?"

साहेब चहाला उठेपर्यंत उमेश कागद चाळत राहिला. मग हळूच म्हणाला, "अपील कर. त्यात लिव, त्र्याण्णव सालची बोहाड्याची यादी पाहिजे. सोंगांच्या यादीला कुणी देशाची सुरक्षा म्हणणार नाय."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "यादी? त्या यादीसाठी माझी नोकरी अडली?"

माणसांनो, तिचं अपील आता मोठ्या साहेबांच्या टेबलावर आहे. माझी नाडी सोडा. ज्या बाईला तुम्ही तेरा वर्षं फरारी ठेवलंत, ती यंदाही नाचणार आहे. भर चौकात, सगळ्यांदेखत.