मावशीने निवडलेलं खाद्य

लेकीला जुळी झाली, त्या वर्षी तिच्या दोन चिंचिला आमच्याकडे राहायला आल्या. जावयाने पिंजरा जिन्यावरून वर आणला, उन्हापासून लांब, गार कोपऱ्यात ठेवला आणि घाम पुसत म्हणाला, "थोडे दिवसच, आई. बाळं जरा मोठी झाली की नेतो."

"तुमची व्यायामाची सायकलही थोडे दिवसच ठेवली होती," आमची ही म्हणाली. "तिच्यावर मी टॉवेल वाळत घालते."

चिंचिला म्हणजे काय हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. सशाच्या पिल्लाएवढं मऊ अंग, खारीची शेपटी आणि म्हाताऱ्या हेडक्लार्कसारख्या मिशा. लेकीने ठेवलेली नावं आमच्या तोंडात बसेनात, म्हणून फिकी होती ती भुरी आणि गडद होती ती सावळी असं हिनेच ठरवून टाकलं.

हिचा उभा जन्म कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करण्यात गेला. मी तिथेच पाण्याच्या पंपांवर कामाला होतो. पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे हिला मावशी म्हणत. तिला गर्व म्हणून एकाच गोष्टीचा होता. "माझ्या हातचं खाऊन कुणी आजारी पडलं नाही," असं ती सांगायची, आणि ते खरं होतं. तिची एक रीत होती. जेवणाची वेळ संपली की ती भांडी घासायच्या जागेशी उभी राहून परत आलेली ताटं बघायची. काय उरलंय, काय चाटूनपुसून संपलंय. उरलेलं दुसऱ्या आठवड्यात बदलायचं, संपलेलं जास्त करायचं. "माणसं तोंडावर गोड बोलतात," ती म्हणे. "ताट खोटं बोलत नाही."

लेकीने दिलेली खाद्याची पिशवी संपली तेव्हा ही बाजारातून दुसरी घेऊन आली. पिशवीवर हसरं चित्र होतं आणि आत सगळा थाट: सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे दाणे, मनुका, सुक्या फळांचे रंगीत तुकडे, आणि मधूनमधून वाळल्या गवताची भुकटी दाबून केलेल्या हिरवट कांड्या. त्यांना पेलेट म्हणतात. भुरीने वाटीत तोंड घातलं, मनुका उचलली, मग बिया. कांड्या तशाच राहिल्या. पिंजऱ्यातलं गवतही बरंचसं राहिलं.

"बघा," ही म्हणाली, "लेकीने बिचाऱ्यांना वाळकं गवत खाऊन दिवस काढायला लावले."

मग तिने कॅन्टीनची रीत लावली. रोज सकाळी वाटीतल्या कांड्या वेचून टाकायच्या आणि बिया, मनुका वाढवायच्या. गवत कमी केलं, कारण ते उरत होतं. दोघी तिच्या पावलांच्या आवाजाने मागच्या पायांवर उभ्या राहू लागल्या. वाटी लख्ख व्हायची. ही ती वाटी मला दाखवायची, आणि मीही कौतुक करायचो.

असे चार-सहा महिने गेले. मग भुरीची हनुवटी ओली दिसू लागली. लेंड्या बारीक, कोरड्या पडू लागल्या. एके दिवशी ती मनुकेपर्यंत आली, तोंडात घेतली आणि टाकून दिली.

जनावरांची डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढी होती. तिने भुरीला टॉवेलात गुंडाळून तोंडात उजेड पाडला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "खायला काय देता?"

हिने सगळं सांगितलं. काही वगळलं नाही.

"मावशी, यांचे दात जन्मभर वाढत राहतात," डॉक्टरीणबाई म्हणाली. "गवत चावून चावून ते झिजतात. गवत कमी पडलं, तर मागचे दात वाढून गालाला, जिभेला टोचतात. मग खाताच येत नाही. आणि बिया, मनुका यांच्या पोटाला झेपत नाहीत."

"पण आवडीने खात होती."

"आवडणारच. माझ्या मुलासमोर भाजी आणि चॉकलेट ठेवलं तर तो काय उचलेल?"

हिने टॉवेलातल्या भुरीच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे माझ्या हातचं खाऊनच आजारी पडली," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईने उगाच समजूत घातली नाही, हे मला आवडलं. ती म्हणाली, "हो. पण वेळेवर आणलीत. वाढलेले दात मी आज घासून कमी करते. पुढचं तुमच्या हातात आहे."

घरी येताना ही बसमध्ये भुरीचा प्रवासाचा लहान पिंजरा मांडीवर घेऊन बसली. घरी आल्यावर तिने हसऱ्या चित्राची पिशवी कचऱ्यात टाकली आणि लेकीला फोन लावला. मला वाटलं, लेक आधीच दोन बाळांनी बेजार आहे, ही सौम्य करून सांगेल. तसं काही केलं नाही.

"भुरीला मी आजारी पाडलं," ती म्हणाली. "चुकीचं खायला घातलं. आता बरी मीच करणार. तू तिकडून काळजी करू नकोस, आणि घ्यायलाही येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी आम्ही जनावरांच्या खाद्याच्या दुकानात गेलो. दुकानदार दाढीवाला, बोलका माणूस. बारीक छापील अक्षर हिला दिसत नसे, आणि मला एकेक अक्षर लावून सावकाश वाचायची सवय, म्हणून पिशव्या वाचायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं की जे सगळ्यात जास्त घातलेलं असतं त्याचं नाव पहिलं येतं.

"मका," मी पहिली पिशवी वाचली.

"ठेवा खाली."

"गव्हाचा कोंडा, मग उसाची मळी."

"ठेवा. पहिलं नाव गवताचं पाहिजे. आणि आत नुसत्या कांड्या, सगळ्या सारख्या. वेचून खायला जागाच ठेवायची नाही."

तशी एक मिळाली. दाढीवाल्याने तिचंच मोठं पोतं पुढे ओढलं. "हे न्या, मावशी. परत परत यायला नको."

"कॅन्टीनमध्ये असं पोतं दोन दिवसांत उडायचं," ही म्हणाली. "या दोघींना वर्ष पुरेल, आणि तोवर त्यात नुसता भुसा उरेल. लहान पिशवी द्या, आणि ती कधी बनवली ते सांगा. फोडून वास घेतला तर चालेल ना?"

"घ्या की."

हिने वास घेतला. मग एक कांडी तोंडात टाकली.

"मावशी, अहो, खाद्य चिंचिलाचं आहे," दाढीवाला म्हणाला.

"न चाखता मी कुणाला वाढलं नाही कधी." तिने शांतपणे कांडी चावून गिळली. "गवताचीच चव आहे. गोड काही नाही. बांधा."

दाढीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, तुमचं जेवणही असंच निवडतात का?"

"माझं एवढं बघत नाहीत," मी म्हणालो.

पण निवडणं सोपं होतं. खरं अवघड पुढे होतं. गवत भरपूर टाकायचं, कांड्या चमचाभरच, आणि दुसरं काही नाही. भुरीचं तोंड बरं होईपर्यंत ही त्याच कांड्या पाण्यात भिजवून, त्यांची पेज पिचकारीने तिच्या गालात सोडायची. भुरी हात झटकायची, हिच्या पदरावर सगळं उडायचं. सावळीला तर काहीच झालेलं नव्हतं. ती गजांना धरून उभी राहायची, मान वाकडी करून हिच्याकडे बघायची, वाटी उलटी करायची.

जिने जन्मभर मागेल त्याला वाढलं, ती बाई पिंजऱ्याकडे पाठ करून उभी राहायची. एकदा मला राहवलं नाही. मी डब्यातून मनुका काढली.

"हात मागे घ्या," ती न वळताच म्हणाली.

"एकच."

"मला द्यावीशी वाटत नाही का? तुमच्यापेक्षा जास्त मला वाटतंय."

मी मनुका स्वतःच खाल्ली.

वाटी भरलेली परत यायची. ही जुनं काढून ताजं घालायची आणि गवत झटकून पुन्हा रचायची. मग एका सकाळी मी चहा घेत असताना कोपऱ्यातून कडकड आवाज आला. भुरी दोन्ही हातांत कांडी धरून, म्हाताऱ्याने मक्याचं कणीस खावं तशी खात होती. हिने मला बोटाने गप्प केलं. ती कांडी संपेपर्यंत आम्ही दोघं हललो नाही. चहा गार झाला.

आठवड्याभरात ही कागदावर लेंड्या घेऊन माझ्यासमोर आली. "बघा कशा टपोऱ्या." लेकीच्या जुळ्यांचे फोटो दाखवतानाही तिचा चेहरा एवढा फुलला नव्हता. मी तसं म्हणालो तर तिने तो कागद माझ्या वर्तमानपत्रावरच ठेवला.

चिंचिला परत गेल्या नाहीत. पुढे लेक जुळ्यांना घेऊन यायची आणि मुलं पिंजऱ्यापुढे बसायची. त्यांच्या हातात बिस्किट दिसलं की ही हाताला धरून त्यांना लांब बसवायची. दाढीवाल्याकडे नवीन खाद्य आलं की तो हिला बोलवायचा, "मावशी, जरा चाखून सांगता?" आणि ही ठेवणीतली साडी नेसून जायची. मी पिशव्या वाचायला बरोबर असायचोच.

हिचं हृदय थकलं तेव्हा तिला मोठ्या दवाखान्यात ठेवलं. तिथलं जेवण पथ्याचं, अळणी. शेजारच्या खाटेवरची बाई रोज ताट ढकलायची आणि वाढणारीला बोल लावायची. एका दुपारी ही उशीला टेकून उठून बसली, सूपचा चमचा तोंडात घेतला, नीट चव घेतली.

"बाई, जेवा," ती शेजारणीला म्हणाली. "आत जी कोणी रांधते ना, तिचाही हात मिठाच्या डब्याकडे गेला असेल. तुमच्यासाठी तिने तो मागे घेतलाय. घालणं सोपं असतं."

शेजारणीने ताट जवळ ओढलं. हिने आपलं सगळं संपवलं, रिकामं ताट वाढणारीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "ज्यांनी केलंय त्यांना सांग, चांगलं झालं होतं."

दुसऱ्या दिवशी, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सकाळी ती गेली. वय एकाहत्तर होतं.