पान लागलं

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या नवव्या मजल्यावर दर्शना दिवसभर शब्द पेरायची. नोकरीच तशी होती. लोक मोबाइलवर काय टाइप करून शोधतात ते हुडकायचं, आणि नेमके तेच शब्द गिऱ्हाइकाच्या वेबसाइटच्या पानात असे बसवायचे की शोधणाऱ्याला सगळ्यात आधी तेच पान दिसावं. अशा शब्दांना कीवर्ड म्हणतात. एखादं पान पहिल्या नंबरवर आलं की तिचे बॉस, सौमित्र सर, खुर्चीतून उठून ओरडायचे, "पान लागलं!" मग सगळ्यांना चहा.

महिन्यापूर्वी दिवा गावातलं चैत्रपालवी नर्सिंग होम त्यांच्याकडे आलं. डॉक्टरांनी पाठवलेल्या कागदावर एवढंच होतं: सर्व आपत्कालीन उपचार. एवढ्यावर काय लिहिणार? दर्शना स्वतः दिव्यात केशरबाईंच्या चाळीत भाड्याने राहायची. चाळीमागे पाण्याचा टँकर यायचा तिथे गवत माजलेलं, आणि एकदा तिथे साप निघाला. दर्शना किंचाळली, "साप!" तशा केशरबाई तिच्यावर खेकसल्या, "नाव कशाला घेतेस गो त्याचं? नाव घेतलं की दारात येतंय. चावला तरी म्हनायचं, पान लागलं."

दर्शनाला शब्द मिळाला. साप चावलाय असं लिहिणारी हॉस्पिटलं पुष्कळ होती, पण पान लागलं म्हणणाऱ्या माणसाला शोधून शोधून विड्याच्या पानांची दुकानं सापडायची. तिने ठळक अक्षरात लिहिलं, 'पान लागलंय? घाबरू नका. दिव्यात चोवीस तास उपचार.' चार दिवसांत पान पहिलं. सर म्हणाले, "याला म्हणतात कीवर्ड! लोकांचा शब्द लोकांनाच परत द्यायचा." त्या दिवशी चहाबरोबर वडापावही आला. नर्सिंग होममध्ये सापाच्या विषावरची लस आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारायला कुणाची जीभ झडली नव्हती. दर्शनाचीही नाही.

किती फोन येतात ते कळावं म्हणून पानावर ऑफिसचाच नंबर दिला होता. तो फोन दर्शनाच्या टेबलावर असायचा, आणि शेजारी सरांनी चिकटवलेली चिठ्ठी: 'नाही म्हणायचं नाही. हो, सोय आहे, लगेच या.' मग नाव आणि नंबर वहीत लिहायचा, नर्सिंग होमला मेसेज टाकायचा, झालं.

गुरुवारी दुपारी बाराला फोन वाजला.

"हॅलो, माझ्या बायकोला पान लागलंय. पायाला. सोय हाय ना तुमच्याकडं?"

"हो, सोय आहे, लगेच या," दर्शना सवयीने म्हणाली. "नाव काय? कुठून येताय?"

"सहदेव. आगासनवरून निघालोय, रिक्षानं." त्याच्यामागून एका बाईचा आवाज आला, "अवो, जीभ जड झाली माझी..." आणि फोन कट झाला.

तो आवाज काही दर्शनाच्या कानातून जाईना. आज नुसता मेसेज नको, तयारीत राहायला सांगू, म्हणून तिने नर्सिंग होमला फोन लावला. रिसेप्शनवरच्या हेमांगीने सगळं ऐकून घेतलं.

"लस? आपल्याकडे कुठली लस? आपण पट्टी बांधतो आणि कळव्याच्या सरकारी हॉस्पिटलात पाठवतो."

"मग आधी पाठवलेले पेशंट?"

"त्यांनाही पाठवलं असेल. माझी ड्युटी नव्हती तेव्हा."

नर्सिंग होम होतं रेल्वे फाटकाच्या पलीकडे. फाटकात रिक्षा अडकणार, मग ते पट्टी बांधणार, मग उलट फिरून कळवा. त्या बाईची जीभ आत्ताच जड झाली होती. तिने सहदेवला फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा नंबरच चुकला. आपण एका बाईला मारतोय, असं तिला स्पष्ट वाटलं.

मग तिला आठवलं, पत्त्याचा नकाशा पानावरच आहे. रस्ता बघायला त्याला पान उघडावंच लागणार. तिने पान बदलायला घेतलं. होतं ते सगळं पुसलं आणि मोठ्या लाल अक्षरात लिहिलं, 'पान लागलंय? इथे येऊ नका. इथे लस नाही. थेट कळव्याच्या सरकारी हॉस्पिटलात जा.'

"अगं, काय करतेयस तू? क्लायंटचं पान आहे ते!" सर मागे येऊन उभे राहिले.

"सर, प्लीज, हात लावू नका." तिने सेव्ह केलं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, या क्षणी पानावर किती माणसं आहेत त्याचा. तिथे शून्य होतं. दर्शना त्या शून्याकडे बघत बसली. एक मिनिट गेलं. तीन गेली. सर काहीतरी बोलत होते, तिला ऐकू येत नव्हतं. मग शून्याचा एक झाला, आणि लगेच फोन वाजला.

"मगाशी या म्हनालात, आता येऊ नका लिवलंय! नक्की काय?"

"दादा, मी चुकले. इथे लस नाहीये. फाटकाकडे वळू नका. शीळ फाट्यावरून तसेच कळव्याला जा."

"वळलोच व्हतो," सहदेव म्हणाला आणि फोन बंद झाला.

अडीचपर्यंत दर्शनाने पाण्याचा घोटही घेतला नाही. मग त्याचाच फोन आला. लस दिली होती. बायकोने डोळे उघडले होते, डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. दर्शनाचा जीव भांड्यात पडला. ती टेबलावर डोकं ठेवून रडली. सरांनी चिठ्ठी काढून फाडून टाकली.

डोळे पुसून तिने सहदेवचं नाव पक्कं लिहायला वही ओढली. त्याच्या वर, तिच्याच अक्षरात, अजून तीन नंबर होते. तिन्हीपुढे लिहिलं होतं: पान लागलं, या म्हटलं. तिन्हीवर तिनेच टापटिपीने बरोबरची खूण केली होती.

तिने पहिला नंबर लावला. एका बाईने फोन उचलला.

"मी चैत्रपालवीच्या वेबसाइटवाल्या ऑफिसमधून बोलतेय. मागच्या आठवड्यात तुमच्याकडे पान लागलेलं... ते पेशंट..." पुढचा शब्द तिला सापडेना.

"आता कशाला फोन केलात?" बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही या म्हणालात, म्हणून तर आम्ही तिकडे आलेलो."