सासूने न पाहिलेला जावई

माझ्या आईने माझ्या नवऱ्याचं तोंड कधी पाहिलेलं नाही. आम्हा दिने जमातीच्या लोकांत सासू-जावयाने एकमेकांकडे बघायचं नसतं, बघितलं तर डोळे जातात. म्हणून आई घागऱ्याला घुंगरू बांधून हिंडायची आणि ते वाजले की नेझ, माझा नवरा, हातातलं काम टाकून खडकाआड व्हायचा. लग्नापासून, दोन मुलगे झाले तरी, हेच चाललं होतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या लाल सुळक्यांमध्ये सिनेमावाले आले. आमची मेंढरं चरतात तिथे त्यांना टेक्सासातली लढाई करायची होती. आम्हाला त्यांनी कोमांची, म्हणजे तिकडच्या दुसऱ्याच जमातीचे, केलं, डोक्यात पिसं खोवली. सरदार मात्र शहरातून आणलेला गोरा. त्याला रोज सकाळी तपकिरी रंग फासायचे. आमच्याकडे तो रंग फुकट होता, पण त्यांना विकतचाच हवा होता.

तरी नेझला एक वाक्य मिळालं. घोडा पुढे आण, कॅमेऱ्याकडे बघ आणि तुझ्या भाषेत काय हवं ते बोल, म्हणाले. त्याने मेंढरांपुढे घोकून घोकून वाक्य तयार केलं: "आम्ही इथलेच. तुम्ही पाहुणे, पाहुण्यासारखे राहा."

आईला हे कळलं तशी ती मंत्र गाणाऱ्या म्हाताऱ्याकडे विचारायला गेली. परत आली ती हसतच.

"पडद्यावरचं चित्र म्हणजे माणूस नव्हे, म्हणाला. चित्र बघितलेलं चालतं."

"एवढी काय घाई झालीय, आई? नाक-डोळे आहेत त्याचे जागेवर."

"ते तूच सांगतेस. मरायच्या आधी मला बघू दे एकदा."

बायकांचं काम खरं तर दुसऱ्या दिवशी होतं. पण दिग्दर्शकाला ऐन वेळी कडेला रिकामं वाटलं आणि आम्हाला ओढत नेऊन उभं केलं. दृश्य कुणाचं, हे कुणी सांगितलं नाही. आवाज टिपणाऱ्याने आईचे घुंगरू सोडून घेतले, खुळखुळ नको म्हणून.

नेझच्या नावाची हाक झाली आणि तो धुळीतून आला. मान ताठ, तोंड उघडलेलं. सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. एकीनेच चेहरा झाकून मान खाली घातली. तेवढं त्याला पुरलं. त्याने घोडा गर्रकन वळवला आणि कॅमेऱ्याकडे पाठ केली.

दिग्दर्शक ओरडायला लागला. माझा भाऊ हॉस्की तिथे दुभाषा होता, तो धावत आला. "साहेब, त्याची सासू आहे. आईला बाजूला करा, दाजी आत्ता बोलतील."

"सासूला कोण घाबरत नाही? मीही घाबरतो," म्हणत दिग्दर्शक पोट धरून हसला.

"भीती नाही साहेब, मान आहे."

पण तोवर ऊन उतरल्याचं निमित्त झालं होतं. नेझचं वाक्य रंगवलेल्या सरदाराला गेलं, तेही मोडक्यातोडक्या इंग्रजीत. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. जरा थांबायचं होतं, बस.

हिवाळ्यात सिनेमा गॅलप गावात लागला. हॉस्कीचा ट्रक उसना आणला. नेझ आणि मी पुढे, आई मागे उघड्यावर घोंगडी पांघरून. ती थिएटरात बसणार म्हणून नेझ बाहेरच थांबला.

आई डोळे ताणून बघत होती. धुरळा उठला, पडद्यावर नेझची पाठ आली, आणि लगेच रंगवलेला सरदार बोलू लागला.

"हा का?" आईने विचारलं.

"नाही. तो होऊन गेला."

"परत येईल?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिने घोंगडी आवळून घेतली. "मीच नडले त्याला," म्हणाली. तुझी काय चूक, असं मी म्हणायला हवं होतं. मी तिची घोंगडीच नीट करत राहिले.

अंधारात आम्ही परत निघालो. ट्रकची मागची काच फुटलेली होती. नेझने मान न वळवता, मागे ऐकू जाईल अशा बेताने मला विचारलं, "कसा दिसलो गं?"

 मागून आईच बोलली, माझ्याशी बोलल्यासारखी.

"सांग त्याला पोरी, देखणा आहे. नाक थेट थोरल्या नातवासारखं."

नेझ घरापर्यंत गात होता.