दोन ओळींची परवानगी

तिने सुडोची नियमांची लांबलचक फाइल बंद केली आणि छोट्या डुअ‍ॅसची कोरी फाइल उघडली. दोन्ही प्रोग्रामांचं काम एकच: साध्या माणसाला घटकाभर मशीनचा मालक करायचं. पण सुडोच्या नियमांचं जंजाळ इतकं माजलं होतं, की कोणाला काय करता येतं हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

मामा खुर्ची ओढून शेजारी बसला. सगळं हॉस्पिटल त्याला ‘अहो मामा’ म्हणे. अरे-तुरे करणारी ती एकटीच, कारण तिचा तो खराच मामा होता. हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळायचं हे काम तिला त्यानेच शिकवलं होतं.

मागच्या आठवड्यात भलतंच मशीन बंद झालं आणि अतिदक्षता विभागात नर्सच्या टेबलावरचे मॉनिटर काळे पडले. नर्सनी खाटोखाट धावून निभावून नेलं, पण थोडक्यात. बंद करायचा हुकूम मामाच्या लॉगिन-खात्यातून गेला होता. नियमांचाच घोळ होता, असं तिने वरिष्ठांना सांगितलं होतं.

पहिल्या ओळीत तिने आपलं नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीवर तिची बोटं थबकली. मग तिने मामाचं लिहिलं आणि फाइल साठवली.

“चालवून बघतो,” मामा म्हणाला.

त्याने स्वतःच्या खात्यातून हुकूम दिला, पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. पुन्हा चुकला.

“नवीन आहे ना, म्हणून,” ती घाईने म्हणाली.

“प्रोग्राम नवा आहे. पासवर्ड जुनाच आहे.” त्याने हात मांडीवर घेतले. “त्या दिवशी मशीन मीच बंद केलं. का, ते आठवत नाही.”

“मी वर सांगितलंय, नियमांचा घोळ—”

“ठाऊक आहे. पण या दोन ओळींत घोळ कुठे लपवशील?”

बाहेर कॉरिडॉरमधून स्ट्रेचरची चाकं खडखडत गेली.

“नाव काढ माझं.”

“आईला काय सांगू?”

“तिला मी सांगेन.”

तिने एकेक अक्षर पुसलं, फाइल साठवली. मामाने कीबोर्ड पुढे ओढला आणि तोच हुकूम पुन्हा दिला. या वेळी मशीनने पासवर्ड विचारलासुद्धा नाही. परवानगी नसल्याची एक ओळ तेवढी उमटली.

मामाने चष्मा सारखा करून ती नीट वाचली.

“चालतंय,” तो म्हणाला.