ताईच्या होडीचा ट्रेलर

ताईने होडी आणली तेव्हा ती आजारी नव्हती, निदान कुणाला तसं माहीत नव्हतं. ट्रेलर आणायची वेळ आली तेव्हा मात्र सगळ्यांना माहीत झालं होतं.

तिचं ताडपत्र्या शिवायचं छोटं वर्कशॉप होतं. ट्रकवरची आच्छादनं, दुकानांपुढच्या छपऱ्या, तंबू. मग तलावावरचे हौशी लोक फाटलेली शिडं घेऊन यायला लागले आणि शिवलेलं शीड नीट बसतंय का ते बघायला ती त्यांच्याबरोबर पाण्यावर जाऊ लागली. तिथेच तिला नाद लागला. कुणीतरी टाकून दिलेली एक शिडाची होडी तिने घरामागच्या शेडमध्ये आणून ठेवली. ती घासली, रंगवली, शीड स्वतः शिवलं. होडी तयार होत आली आणि इतके दिवस पाठदुखी म्हणून जे तिने अंगावर काढलं होतं, ती पाठदुखी नव्हती असं डॉक्टरांनी सांगितलं. दुखणं हाडांत उतरलं होतं.

"मला एकदा माझ्या होडीत बसायचंय," ती धाकट्या भावाला म्हणाली. "गोळ्या-औषधं तुझे दाजी बघतील. तू होडी तलावावर न्यायच्या ट्रेलरचं बघ."

भाऊ खिडक्यांच्या जाळ्या आणि गेटं बनवायचा. लहानपणी हाताला लागेल ते ठोकत बसायचा म्हणून ताई त्याला ठोक्या म्हणायची, आणि तेच नाव सगळीकडे झालं. दाजी औषधांच्या दुकानात काउंटरवर असायचे. दोघांचं कधी पटलं नव्हतं. दाजींना मेहुणा धसमुसळा वाटायचा आणि मेहुण्याला दाजी शेळपट.

ट्रेलर भंगारवाल्याकडे मिळाला. तो होता मोटारबोटीचा. मोटारबोटीचं पोट चपटं असतं, ती रबरी रुळांवरून घरंगळत पाण्यात जाते. ताईच्या होडीच्या पोटाखाली लोखंडाचं जड पातं होतं, वाऱ्याने ती आडवी होऊ नये म्हणून. या ट्रेलरवर ती बगळ्यासारखी एका पायावर उभी राहिली असती.

ठोक्याने रूळ काढून टाकले. मधला आडवा बार कापून खाली घेतला, पात्याला टेकायला जाड फळी बसवली. दोन्ही बाजूंना खांब उभे केले, खांबांवर तिरप्या फळ्या, फळ्यांवर जुन्या गालिच्याचे पट्टे. ताई शेडच्या दारात खुर्ची टाकून हुकूम सोडायची.

"डावी फळी पुढे घे. अजून. अरे, होडीच्या बरगड्या कुठे आहेत ते हाताने चाचपून बघ की. नुसतं डोळे फाडून काय दिसणार?"

वेल्डिंगच्या धुराने तिला ठसका लागला की पाण्याचा ग्लास घेऊन आलेले दाजी मेहुण्याकडे खाऊ की गिळू असे बघायचे. एकदा त्यांनी त्याला फाटकाशी गाठलं.

"हे सगळं करून काय होणार आहे? तिला धड उभं राहता येत नाही."

"येतंय अजून."

"अजून," दाजी म्हणाले. "तेच म्हणतोय मी."

पहिल्यांदा गेले तो दिवस छान होता. ताई पुढच्या सीटवर, मागे ट्रेलर, ट्रेलरवर होडी, होडीवर आडवी बांधलेली डोलकाठी. तलावाकाठी काँक्रीटचा उतार होता, त्यावरून ट्रेलर उलटा पाण्यात न्यायचा. गाडी दाजी मागे घेत होते, ठोक्या कमरेइतक्या पाण्यात उभा राहून हात हलवत होता. ताई काठी टेकून स्वतःच्या पायांवर काठाला उभी होती.

"अजून मागे! अजून!"

"सायलेन्सर पाण्यात चाललाय!" दाजी ओरडले.

उतार फारच सपाट होता. गाडीची मागची चाकं बुडाली तरी होडी तरंगेना. पात्यामुळे तिला खोल पाणी हवं होतं, आणि तेवढं खोल जायला ट्रेलर गाडीला जोडणारा दांडा आखूड पडत होता. ठोक्याने खांदा लावून रेटून पाहिलं. होडी ढिम्म हलली नाही.

तिथे नेहमी येणारा एक दाढीवाला ताईच्या ओळखीचा होता. "माझ्या होडीतून चला," तो म्हणाला. "एक चक्कर मारून आणतो."

"बसेन ती माझ्याच होडीत," ताई म्हणाली. तिला हसू येत होतं. "दांडा लांब कर रे ठोक्या. गाडी कोरडी राहायला हवी, नाहीतर तुझे दाजी तिच्यासकट पोहायला लागायचे. येऊ पुढच्या रविवारी."

घरी येऊन ठोक्याने दांडा कापला आणि त्याचा चेहरा उतरला. बाहेरून रंग ठीक होता, पण आतून पाइप गंजून बिस्किटासारखा झाला होता. ठिगळं मारून एक फेरी निभली असती. पण हमरस्त्यावर दांडा तुटला तर? ताई गाडीत असताना? त्याने पुढचा सगळा सांगाडा नव्याने करायचं ठरवलं. हव्या त्या जाडीचा पाइप लगेच मिळाला नाही. मिळाला तेव्हा पावसाची झड लागली आणि उघड्यावर वेल्डिंग करता येईना. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला.

एका सकाळी ताई न्हाणीघरात पडली. मांडीचं हाड मोडलं. पडल्यामुळे मोडलं नाही, मोडलं म्हणून पडल्या, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर ती उठली नाही.

"झाला का दांडा?" ती पलंगावरून विचारायची.

"होतोय."

"मग कर की. इथे माझ्या उशाशी काय बसलायस?"

दुसऱ्यांदा गेले ते शेजाऱ्यांच्या व्हॅनमध्ये मागे गादी घालून. दाजी एका हाताने तिचं डोकं धरून बसले होते. व्हॅन ठोक्यानेच चालवली, प्रत्येक खड्ड्याला जीव मुठीत धरून. होडी आणि ट्रेलर दाढीवाल्याने आपल्या गाडीमागे जोडून आणले. या वेळी त्याच्या गाडीची चाकं कोरडी राहिली, ट्रेलर पाण्याखाली दिसेनासा झाला आणि होडी फळ्यांवरून अलगद उचलली गेली. आवाजसुद्धा झाला नाही. काठावरच्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

ठोक्या ओल्या पँटने धावत व्हॅनपाशी आला. "ताई, तरंगली!"

"कुठपर्यंत बसलीय पाण्यात?"

"निळ्या पट्ट्यापर्यंत."

"मग बरोबर आहे."

त्याने आणि दाढीवाल्याने चादरीची झोळी करून तिला उचलायला घेतलं. ती जेमतेम गादीवरून सुटली असेल, तिच्या तोंडून असा आवाज निघाला की दाजी मध्ये पडले. "ठेवा! खाली ठेवा तिला!" त्यांनी ठेवलं. दाजी तिचा घाम पुसत राहिले. पुन्हा उचलायचं नाव कुणी काढलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "अहो, तुम्ही जा."

दाजींना पाण्याची भीती होती. घरातल्या टाकीत वाकून बघायलाही ते कचरायचे. पण ते बुटांसकट होडीत जाऊन बसले आणि दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला. दाढीवाल्याने शीड वर चढवलं.

ताईला मान उचलता येत नव्हती. दारातून तिला नुसतं आभाळ दिसत होतं.

"शीड भरलं?"

"भरलं. होडी निघाली बघ."

"वरच्या कोपऱ्यात सुरकुती आहे का?"

ठोक्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. सुरकुती होती. नाही म्हणावंसं वाटलं त्याला, पण ताईपुढे शिवणीच्या बाबतीत त्याचं खोटं कधी टिकलं नव्हतं.

"आहे. थोडीशी."

"वाटलंच मला. ताणली गेलीय तिथे शिवण. उसवायला हवी."

"मी उसवतो."

"तुला नाही जमायचं," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

त्या महिन्याच्या अखेरीस ती गेली. पाहुणे पांगल्यावर दोघे मागच्या पायरीवर बसले होते.

"दाजी, मी तेव्हा ठिगळच मारलं असतं तर..."

नाही रे, असं काही नसतं, हे ऐकायला तो बसला होता. दाजींनी बराच विचार केला.

"बसली असती ती," ते म्हणाले.

होडी ट्रेलरसकट लांबून आलेल्या एका तरुण जोडप्याने नेली. ठोक्याने त्यांना हूक कसा लावायचा ते दाखवलं, पट्टे आवळून दिले, चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरून दिलं. त्यातली पोरगी ट्रेलरवरून हात फिरवत म्हणाली, काम फार छान केलंय. तो हं म्हणाला.

दाजींनी शेड झाडून घेतली आणि कुणाला तरी सामान ठेवायला भाड्याने दिली. ठोक्याचं हळूहळू त्या घरी जाणं बंद झालं. औषध लागलं तर तो दुसऱ्या दुकानातून आणतो.