ताडपत्रीखालचा रणगाडा

हर्षाला रणगाडे ओळखता येतात हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. अड्याळपासून चार किलोमीटर आत, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली वसलेलं ते गाव. तिथली माणसं धानाची लोंबी हातात घेऊन वाण सांगत, बैलाचे दात पाहून वय सांगत. फोटोतल्या रणगाड्याची चाकं मोजून त्याचं नाव सांगणाऱ्या दहावीतल्या पोरीचं करायचं काय?

हे वेड लावलं शेजारच्या यादोराव आबाजींनी. आबाजी सैन्यात होते. त्यांनी अठरा वर्षं टी-५५ नावाचा रणगाडा चालवला होता. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचं माणूस दिसे, पण पेपरातली अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. म्हणून हर्षा रोज शाळेतून आली की त्यांना पेपर वाचून दाखवी. कधी सैन्याचा फोटो छापून आला की आबाजी नाव वाचू देत नसत. काय दिसतं तेवढं सांग, म्हणत. चाकं किती, नळी कुठून निघते, पट्टा कसा आहे. हर्षा सांगायची आणि आबाजी डोळे मिटून नाव ओळखायचे. पाच मोठी चाकं आणि पहिल्या दोन चाकांत जास्त जागा असली की तो टी-५५, हे तिला पाढ्यासारखं पाठ झालं. दोन वर्षांत तर खेळ असा उलटला की नाव हर्षा सांगे आणि बरोबर की चूक ते आबाजी. मग मोबाइलवर तोफा, विमानं, चिलखती गाड्या शोधणं सुरू झालं. तिच्या वहीत दोनशे चौदा नावं होती आणि प्रत्येक नावापुढे त्याची खूण.

गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देतानाही हर्षाचा आवाज बेंचखाली जायचा. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात मात्र ती पवनीहून आलेल्या परीक्षकांसमोर दोन तास उभी राहिली. चित्रं अर्धी झाका आणि मला विचारा, म्हणाली. एकदाही चुकली नाही. त्या दिवशी जो आवाज वर चढला तो खाली यायचं नावच घेईना. तिची आई म्हणायची, पोरगी आता भाजी मागते तीही भाषण दिल्यासारखी.

अशात ग्रामपंचायतीला पत्र आलं. सैन्यातला एक निवृत्त रणगाडा चौकात ठेवायला मिळणार होता आणि तोही टी-५५. महिनाभरात येईल, असं लिहिलं होतं. चौकात सिमेंटचा ओटा झाला. ठरलं असं की आबाजी पदकं लावून उभे राहतील आणि गाडी आली की गावातर्फे सलामी देतील. आबाजींचा काळा कोट रोज उन्हात पडू लागला. त्यांच्या बायको मंदाआजी त्यांना टोमणा मारायच्या, लग्नाच्या दिवशी माणूस एवढा नटला नव्हता.

कार्तिकातल्या एका सकाळी उपसरपंच धर्मेंद्रकाकांनी मित्राकडून आलेला फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. रस्त्यावर एक ट्रेलर उभा, त्यावर निळ्या ताडपत्रीत बांधलेलं काहीतरी मोठं, खाली उघडी राहिलेली चाकं आणि पट्टा आणि ताडपत्रीतून बाहेर आलेली एक लांब नळी. खाली लिहिलं होतं, आपला टँक फाट्यावर पोहोचला, सर्वांनी चौकात यावे. धान कापायचं सोडून लोक निघाले. बँड आला. बायांनी चौकात रांगोळी घातली. शेतकरी तुलारामने तर गळ्यात ढोल अडकवला आणि गाव दणाणून सोडलं.

हर्षाने फोटो बोटांनी मोठा केला. परत लहान केला. परत मोठा केला.

तो रणगाडा नव्हता.

फोटो धूसर होता, हे खरं. आपण चुकलो तर आबाजींच्या सगळ्या दिवसावर पाणी पडेल, हेही खरं. पण आपण बरोबर असलो आणि गप्प बसलो, तर आबाजी त्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनी भलत्याच यंत्राला खाडकन सलामी ठोकतील. चौकात पंचवीस मोबाइल वर झाले होते. संध्याकाळपर्यंत आबाजींची सलामी पवनीच्या पानठेल्यांवर हसायला गेली असती.

ती आधी धर्मेंद्रकाकांकडे गेली. काका हारांच्या पिशव्या सोडत होते. तिने सांगितलेलं त्यांनी अर्ध्या कानाने ऐकलं आणि तिच्या तोंडासमोर मोबाइल धरला.

"एवढी लंबी नळी दिसून नाही राहिली काय तुले? जा, दहावीचा अभ्यास कर, पोरी."

नळीतच तर गोम होती. पण काका पुढे निघूनही गेले. मग हर्षा गर्दीतून वाट काढत आबाजींच्या खुर्चीपाशी पोहोचली. कोट, टोपी, छातीवर पाच पदकं. जवळ मंदाआजी आरतीचं ताट घेऊन उभ्या. ढोलाच्या आवाजात हर्षा त्यांच्या कानाशी वाकली.

"आबाजी, एक फोटो सांगू?"

"आता?" आबाजी हसले, पण सवयीने त्यांनी डोळे मिटले. "सांग."

"नळी मांगच्या कोपऱ्यातून निघते. शेंड्याले जाड नाही, खाली वाकली आहे."

आबाजींचं हसू तसंच राहिलं, फक्त कपाळावर आठी आली. "चाकं?"

"बारकी बारकी. मोठं एकही नाही."

"पट्टा?"

"काळा. रबराचा. त्यात चिखल सुकला आहे."

"ट्रेलर केवढा?"

"आपल्या गिरणीवाल्याचा आहे तेवढा."

आबाजींनी डोळे उघडले. "छत्तीस टनाचं धूड असते ते. एवढ्याशा ट्रेलरचं तर भजं होईन." मग त्यांचा अंगठा एका पदकावरून फिरला. हर्षाला वाटलं, मोबाइल आपण कशाला उघडला. "मंग काय होय ते, पोरी?"

"हार्वेस्टर. चेनवाला. धान कापाचा. थे नळी धान ओताची."

"पक्कं?"

"पक्कं," ती म्हणाली.

आबाजी उठले, काठी टेकत माइकपाशी गेले आणि त्यांनी धर्मेंद्रकाकांच्या हातातला माइक काढून घेतला. बँड थांबला.

"मले दिसत नाही," ते म्हणाले. "या पोरीले दिसते. ते म्हणते, येऊन राहिला तो टँक नाही. ते म्हणते तं नाही. सलामी होणार नाही."

चौकात कुजबुज झाली. कुणी म्हणालं, बुढा रुसला. धर्मेंद्रकाका हर्षाकडे असं पाहत होते की जणू तिनेच टँक खिशात लपवून ठेवला आहे. हर्षाचे कान तापले, पण ती आबाजींच्या शेजारून हलली नाही. तेवढ्यात पाळीवरून ट्रेलर उतरला आणि चौकात येऊन थांबला.

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर खाली उतरला. त्याने रांगोळी पाहिली, बँड पाहिला, हार घेऊन उभे असलेले उपसरपंच पाहिले आणि दोन पावलं मागे सरला.

"तुलारामजी कौन है?" त्याने घाबरतच विचारलं. "एक घंटे से फोन लगा रहा हूँ."

सगळ्या माना तुलारामकडे वळल्या. ढोल गळ्यात, टिपऱ्या हवेत, फोन बंडीच्या खिशात. त्यानेच आपल्या दोन एकरांसाठी हार्वेस्टर बोलावला होता, याच दिवशी, आणि सकाळपासून तो आपल्याच हार्वेस्टरच्या स्वागताला घाम गाळत होता.

"माह्याच तं होय," तो म्हणाला.

मग जे हसू फुटलं ते पाळीवरचे बगळे उडेपर्यंत चाललं. धर्मेंद्रकाकाही पोट धरून हसले आणि फोटो पाठवणाऱ्या मित्राचा त्यांनी मनसोक्त उद्धार केला. आबाजींना मात्र कुणी हसलं नाही. हसणार कसं? गावात दोघांनीच खरं सांगितलं होतं. मंदाआजी आरतीचं ताट घेऊन पुढे झाल्या. त्यांचं म्हणणं असं की दिवा लावून झाला आहे आणि हे यंत्र तर आपलं धानच घरी आणणार आहे. ड्रायव्हरने ताडपत्री सोडली आणि त्यांनी हार्वेस्टरला कुंकू लावलं.

राहिला प्रश्न तो खाली उतरवायचा. ट्रेलर उतारावर उभा होता. ट्रॅक्टरवर सोबत आलेल्या हार्वेस्टर चालवणाऱ्याने मागे दोन फळ्या लावल्या, पण खालून वीस जण ओरडत होते, कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे, आणि पट्टा फळीवर यायच्या आधीच तो घाबरून थांबत होता. दोनदा थांबला. तिसऱ्यांदा आबाजींनी काठी हर्षाच्या हातात दिली आणि ते फळ्यांसमोर, वीस पावलांवर जाऊन उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"बाबा, हटो वहाँ से," तो वरून ओरडला.

"अठरा साल टँक उतारे है इन्होंने," हर्षाने त्याच्याहून मोठ्याने ओरडून सांगितलं. "सिर्फ हाथ देखो. बाकी सब चूप बसा."

बाकी सगळे गप्प बसले. धर्मेंद्रकाकासुद्धा.

आबाजींना यंत्राचा आकार दिसत होता, फळीची कड दिसत नव्हती. ती हर्षा पाहत होती. डावा पट्टा चार बोटं बाहेर, ती म्हणायची आणि आबाजींचा एक हात मुठीत मिटायचा, दुसरा सावकाश बोलवायचा. आता बरोबर, ती म्हणायची आणि दोन्ही हात स्वतःकडे यायचे. वरच्या माणसाची नजर त्या हातांवर अशी खिळली की त्याने खाली पाहायचंच सोडलं. फळ्या करकरल्या, वाकल्या आणि हार्वेस्टर रांगोळीच्या बरोबर मधोमध जमिनीवर टेकला.

आबाजींनी मनगटं एकमेकांवर ठेवली. थांब. इंजिन हळू झालं. वरचा माणूस सीटवर उभा राहिला आणि त्याने आबाजींना सलाम केला.

आबाजींनी पाय जुळवले, छाती काढली आणि कडक सलामी दिली. पंचवीस मोबाइलांनी ती घेतली. मंदाआजींनी पदराने डोळे पुसले आणि डोळ्यांत भुसा गेला म्हणाल्या. हार्वेस्टरने अजून धानाची एक काडीही कापली नव्हती, पण कुणी त्यांना टोकलं नाही.

धर्मेंद्रकाकांच्या हातात हार उरले होते. एक त्यांनी आबाजींच्या गळ्यात घातला, दुसरा घेऊन ते हर्षासमोर आले आणि विचारू लागले की खरा टँक येईल तेव्हा तो कसा ओळखायचा, चाकं किती म्हणालीस. हर्षा तिथेच, बँडच्या गोंगाटात, हातवारे करत सांगू लागली. तुलाराम ढोल बडवत हार्वेस्टरला शेताची वाट दाखवत पुढे निघाला होता आणि अर्धं गाव त्याच्या मागून नाचत चाललं होतं.