मायसाठी घेतलेली झेन

माय माझ्या स्कूटरवरून पडली त्याला चौदा महिने होत आले होते, आणि तेव्हापासून तिने अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पाडली मीच. अंचलेश्वर दरवाज्याकडून घरी येत होतो. मला शाळेत जायची घाई, डोकं नेहमीसारखं गरम, समोर गतिरोधक दिसला तरी ब्रेक दाबला नाही. स्कूटर उडाली, मी सांभाळली, आणि मागे वळून पाहतो तर सीट रिकामी. गुडघ्याची वाटी फुटली होती.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, चालवा, फिरवा. माय काठी घेऊन घरात फिरायची, अंगणातल्या तुळशीपर्यंत यायची. पण बाहेर जायचं नाव काढलं की म्हणायची, "गुडघा नाई वाकत रे बाबू." ऑटो आणला तर म्हणे, ऑटो हालते. मी चंद्रपूरच्या शाळेत गणित शिकवतो, एवढा हिशोब मला कळत होता. तिला भीती वाहनाची नव्हती, माझी होती. तिने ती कधी बोलून दाखवली नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

म्हणून शाळेतून आलो की मी तिच्या खाटेवर बसायचो आणि मोहाच्या बियांचं तेल तिच्या गुडघ्याला चोळायचो. आधी मी असा नव्हतो. आलो, चहा ढोसला की चौकात मित्रांकडे, थेट जेवायलाच घरी. आता तासतासभर ती गोंडपिपरीकडच्या आमच्या गावाच्या तलावाबद्दल बोलायची आणि मी ऐकायचो. आम्ही ढिवर. माझा बाप डोमा जन्मभर त्या तलावात आणि नदीत मासे मारत राहिला. नजर मंदावली तेव्हा मी दोघांनाही शहरात आणलं.

२००२ सालच्या हिवाळ्यात मी ठरवलं, कार घ्यायची. कारमधून कुणी मागे पडत नाही. नवी परवडणारी नव्हती. दुर्गापूरच्या खाणीतल्या एका साहेबांची बदली झाली होती आणि त्यांना आपली सहा वर्षं जुनी झेन विकायची होती. लाल, गोलसर, बुटकी. मी पाहिली आणि विरघळलो.

सोबत सोमाजी मिस्त्रीला नेलं होतं. त्याने आधी बॉनेटवर तळहात ठेवला. मालकाने आम्ही यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलंय का ते पाहत होता. गार होतं. मग बोटाने टकटक करत सगळे दरवाजे वाजवले, पुट्टी भरलीय का ते ऐकत. मग गाडीखाली शिरला आणि कोळशाची धूळ पाठीला माखून बाहेर आला.

"गाडी चोख आहे सर," तो म्हणाला. "पण मायसाठी घेऊन राह्यले ना? मंग ते उंच टपाची घ्या. हे बसाले लय खाली आहे."

"ती डब्यासारखी दिसते," मी म्हणालो.

"डब्यासारखी दिसते, पण खुर्चीत बसल्यावानी बसता येते तिच्यात."

मी ऐकलं नाही. माझं कुणाचं ऐकायचं वयच गेलंय असं मला वाटत असावं. गांधी चौकातल्या ज्या गर्दीत स्कूटरवरही पाय टेकावा लागतो तिथून ती झेन सुळकन निघाली, जटपुरा दरवाज्याशी एका दमात वळली, आणि मी सोमाजीचं बोलणं विसरून गेलो.

घरी चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. माय पायरीवर उभी राहून कौतुकाने पाहत होती. मी पुढचा दरवाजा उघडला. ती आली, काठी माझ्या हातात दिली, उजवा पाय आत टाकला, आणि सगळा भार डाव्या, दुखऱ्या गुडघ्यावर आला. "अगे माय!" एवढंच ती ओरडली. तसाच पाय काढून, भिंत धरत धरत, पुन्हा आपल्या खाटेवर जाऊन पडली.

त्यानंतर दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तर तिने तोंड फिरवलं.

गाडी दारात उभी. मी रोज सकाळी तिच्यावरची काळी धूळ पुसायचो. माझी बायको रुपाली बघायची आणि खिडकीतून म्हणायची, "सासूबाईसाठी घेतली म्हणता, अन् आरशात आपलंच थोबाड पाहून राह्यले!" तिचं खरं होतं म्हणूनच मी चिडायचो. मायसाठी म्हणून घेतली खरी, पण निवडली स्वतःसाठी. एके दिवशी शाळेतून आल्यावर मी गाडीतच बसून राहिलो. आत जाऊन मायच्या डोळ्यांकडे पाहायची हिंमत होईना. स्टिअरिंगवर डोकं ठेवून, चाळिशीचा माणूस, मी रडलो. मग सोमाजीकडे जाऊन सांगून आलो, गिऱ्हाईक बघ, विकून टाकू.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक येणार होतं. बाप अंगणात विडी ओढत बसला होता. त्याने विचारलं, "काऊन इकून राह्यला?"

"मायले बसताच येत नाई त्याच्यात, बा. खाली आहे गाडी."

"डोंग्यापेक्षा खाली आहे का?"

डोंगा म्हणजे एका झाडाचं खोड कोरून केलेली आमची होडी. काठावरून तिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ पाण्यातच बसायचं.

बाप उठला, गाडीच्या उघड्या दरवाज्यापाशी गेला, मंद नजरेने वाकून हाताने सीट चाचपली. मग मायला हाक मारली. ती आली, काय आणखी, अशा चेहऱ्याने.

"ताराबाई, तू पाय आधी टाकून राह्यली," बाप म्हणाला. "डोंग्यात पाय आधी टाकला तं काय होते?"

"उलटते," माय पटकन म्हणाली.

"मंग? पाठ कर तिकडं. आधी बूड टेकव, मंग दोन्ही पाय संगंच आत घे."

मी धावत पुढे झालो, तिचे दोन्ही दंड धरायला. बाप खेकसला, "हात लावू नोको! डोंग्यात बसणाऱ्याले कोणी धरत नाई. धरलं तं दोघंई पान्यात!"

मी मागे सरलो. मायने काठी आधी आत सारली आणि गाडीकडे पाठ केली. एक हात दरवाज्यावर, एक टपाच्या कडेवर. हळूच खाली बसली. तिच्या वजनाने गाडी जराशी खाली दबली आणि ती हसली, कारण डोंगाही तसाच दबतो. मग दोन्ही पाय जुळवून, वळून, आत. कुठे हाय नाही की हूय नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हेच करत आली होती, आणि गाडी दिसल्याबरोबर आम्ही दोघंही ते विसरलो होतो.

"जा घेऊन," बाप म्हणाला. "गिऱ्हाईकाले मी पाहून घेतो."

मी गाडी काढली. बैलगाडी पुढे जाईल इतक्या हळू चालवत होतो. मागून हॉर्न, शिव्या. एरवी मी उतरून भांडलो असतो. रामाळा तलावाला वळसा घातला. माय काचेला नाक लावून सगळं पाहत होती, इथी नवीन दुकान झालं, तिथी झाड होतं ते कुठी गेलं. नंतर आपोआपच आम्ही अंचलेश्वर दरवाज्याच्या त्या रस्त्याला लागलो. गतिरोधक दिसताच माझा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबलीच.

मायने पदर सावरला आणि महाकालीच्या देवळाकडे वळून दोन्ही हात जोडले. डोळे मिटून, निवांत, कितीतरी वेळ. मागे पुन्हा हॉर्न सुरू झाले.

"तवाई असेच जोडले होते," डोळे न उघडता ती म्हणाली.

"कवा?"

"पडली तवा. तुह्या खांद्यावरचे दोन्ही हात सोडले, अन् देवीले जोडले. तू नाई पाडलं रे मले. माह्याच हातानं पडली मी."

माझं डोकं भणभणलं. चौदा महिने! मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि भर रस्त्यात मायवर ओरडलो, "मंग सांगतलं काऊन नाई? रोज मरून राह्यलो ना मी!"

ती ओशाळली. काठीची मूठ उगाच पदराने पुसत बसली.

"सांगणार होती. आज सांगू, उद्या सांगू... पण तू रोज शाळेतून येऊन जवळ बसून राह्यला होता ना, बाबू. लहानपणी बसे तसा. मले वाटलं, सांगतलं तं तू पुन्हा चौकात जाशील."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी तिचा हात हातात घेतला. सारखा गुडघा धरून त्यालाही तेलाचा वास लागला होता.

"उद्या शाळेतून आल्यावर कुठी जाचं, माय?"